करवीचे साल

नोकरीला लागलो तेव्हा मी नवा पदवीधर. रोह्याकडे एका उतारावर माजलेली करवी पाहून म्हणालो, "हे रान खणून काढा." शेजारी एक कातकरी आजोबा होते. म्हणाले, "सायब, बी पडल्याबिगर करवी काढायची नाय." मी ऐकले नाही. त्या उतारावर करवी पुन्हा दिसली नाही.

मग मी करवी ओळखायला शिकलो. सरळ, खरबरीत काठी. समोरासमोर मोठी, दातेरी कडांची पाने. झुडूप मुख्यतः आपल्या सह्याद्रीचे. सात वर्षे नुसते वाढते, आठव्या पावसाळ्यात डोंगर जांभळा करते आणि मरते. वाळलेली बोंडे पुढच्या पावसाच्या ओलीने तडतडून फुटतात, बी पडते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात करवी २०१६ साली फुलली, नंतर २०२४ साली. पण सगळ्या डोंगरांचे साल एकच नसते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पेण-रोह्यात कुडाच्या भिंती करवीच्याच. काठ्या जरूर घ्या, पण बी पडण्याआधी सारा उतार उघडा करू नका. तिथली माती खाली आपल्याच भातखाचरात येते. आपल्या डोंगराचे फुलायचे साल घरच्या वहीत लिहून ठेवा.