दोन राजांचं नाणं

द्वारका चौकातून नाशिकचा पैसा दोन दिशांना जातो. मुंबईकडचा महामार्ग पांडवलेण्यांच्या पायथ्याशी पोहोचतो, तर पुणे रस्ता नाशिकरोडला, नोटा छापणाऱ्या प्रेसकडे. मला ज्याची ओळख करून द्यायची आहे ते नाणं मात्र आणखी पुढे, जोगलटेंभीला सापडलं. सिन्नर तालुक्यातलं हे गाव दारणा आणि गोदावरीच्या संगमावर आहे. १९०६ साली तिथल्या जमिनीतून चांदीची १३,००० हून जास्त नाणी निघाली. आपलं नाणं त्यांच्यातलंच एक.

अंगानं ते लहान आहे, वजन दोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला क्षहरात राजा नहपानाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. नाव ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्यांत. एवढ्याशा चांदीवर तीन लिप्या कोरायच्या, म्हणजे ते दूरदूरच्या लोकांच्या हातांत फिरावं, ही अपेक्षा त्यात आलीच. नहपानाच्या ताब्यात भडोचचं बंदर होतं आणि तिथे रोमची चांदी उतरत होती.

पण त्याचा हा चेहरा धड नाही. गालावरून, कपाळावरून एक डोंगर उगवलेला दिसतो: तीन कमानींचा, खाली नदीची नागमोडी रेघ. भोवती दुसऱ्या राजाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं नाव. उलट बाजूला बाण-वज्रावर ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात ते चार वर्तुळांचं चिन्ह. सातकर्णीनं नहपानाला हरवलं आणि त्याच्याच नाण्यांवर आपला शिक्का मारला. नीट पाहिलं तर डोंगराच्या कडेनं नहपानाचं नाक अजून डोकावतं. हे नाक मला या नाण्याचा स्वभाव वाटतं. घाव सोसला, नवं नाव घेतलं, जुनं पुरतं टाकलं नाही.

पांडवलेण्यांतली भाषा वेगळी आहे. तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीनं आपल्या मुलाची थोरवी कोरून घेतली आणि त्यात क्षहरातांचा वंश त्यानं निःशेष केला असं म्हटलं. आई आहे, ती असंच म्हणणार. नाणं मात्र तसं म्हणत नाही, आणि माझा विश्वास नाण्यावर जास्त आहे.

विजेत्यानं ही चांदी वितळवली का नाही? भट्टी, कारागीर आणि वेळ वाचला हे खरंच. पण माझ्या मते खरं उत्तर दहा क्रमांकाच्या लेण्यात आहे. नहपानाचा जावई उषवदात यानं तिथे ठेवीचा लेख कोरला. भिक्षूंसाठी त्यानं ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले, तेही राजाच्या खजिन्यात नाही. गोवर्धनातल्या, म्हणजे आपल्या नाशिकजवळच्याच विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे ठेवले. २,००० वर दरमहा दरशेकडा एक, १,००० वर दरशेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. हिशेब करून पाहावा: २,००० वर महिन्याला २० आणि वर्षाला २४०. लेखात लिहिलं आहे की वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि नोंदवून घेतला. राजाच्या जावयानंही आपला शब्द नगराच्या सभेपुढे ठेवला, त्या सभेपेक्षा मोठी संस्था मला त्या काळात दिसत नाही.

अशा गावात नवा राजा आला, तर जुन्या नाण्याची किंमत तो एका रात्रीत कशी पुसणार? विणकरांचे हिशेब, भिक्षूंची चीवरं, बाजाराचे दर याच चांदीवर बांधलेले. त्यानं चांदी आणि वजन तसंच राहू दिलं, हुकूम तेवढा बदलला. जमिनीच्या बाबतीतही तेच. अठराव्या राज्यवर्षी सातकर्णीनं विजयी सेनेच्या तळावरून गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठवली: पूर्वी उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनांचं शेत त्रिरश्मी, म्हणजे पांडवलेण्यांच्याच डोंगरावरच्या भिक्षूंना द्यावं. शेत तेच राहिलं, देणारा बदलला.

जोगलटेंभीच्या ठेव्यात नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर शिक्का होता, बाकीच्यांवर नव्हता. ज्यानं कुणी ती पुरली त्यानं दोन्ही एकत्रच पुरली. त्याच्या लेखी चांदी ती चांदीच.

या नाण्याचं एक कागदी भावंड नाशिकरोडला जन्मलं. १९२८ साली तिथे नोटा छापायला सुरुवात झाली, त्याआधी त्या इंग्लंडहून येत. फाळणीनंतर नव्या पाकिस्तानकडे स्वतःच्या नोटा नव्हत्या आणि रिझर्व्ह बँकच काही काळ दोन्ही देशांचं चलन सांभाळत होती. गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख. तेव्हा सहाव्या जॉर्जचा चेहरा असलेल्या भारतीय नोटेवरच इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ ही अक्षरं नाशिकला छापली गेली. १ एप्रिल १९४८ पासून त्या नोटा तिकडे चालू लागल्या. सातकर्णीच्या हातोड्याचं काम इथे छपाईच्या यंत्रानं केलं, पण या वेळी दोन सरकारांच्या संमतीनं.

ती संमती फार टिकली नाही. त्याच वर्षी जानेवारीत, पाकिस्तानला द्यायच्या ५५ कोटी रुपयांवरून दोन्ही देशांत कडाक्याचा वाद झाला होता. रिझर्व्ह बँकेकडची व्यवस्था ३० सप्टेंबरपर्यंत चालायची होती, ती ३० जूनलाच आवरली गेली. १ जुलै १९४८ रोजी कराचीत जिनांनी पाकिस्तानच्या स्वतःच्या बँकेचं उद्घाटन केलं.