वीस पोरांचं शिबिर

आंबोलीत मे महिना म्हणजे पावसाआधीची घाई. सरपण आत घ्यायचं, गोठा शाकारायचा, तरव्याची जागा भाजायची, फणस पिकून पडायच्या आत उतरवायचे. वर्षाला अडीचशे-तीनशे इंच पाऊस पडणारं गाव आमचं, जूनमध्ये तो एकदा लागला की ऑक्टोबरपर्यंत राहिलेलं काम राहिलंच. आणि नेमक्या या घाईत आमच्या मांगरात शहरातली पोरं शिबिराला येतात. त्यांना सुट्टी तेव्हाच, आणि शेतकऱ्याला श्वास घ्यायला वेळ नाही तोही तेव्हाच. अकरा वर्षं हे चाललंय.

सुरुवात एका प्राध्यापकामुळे झाली. रात्री उडणारे पतंग, म्हणजे मॉथ, बघायला ते यायचे. दोन बांबू रोवून पांढरी चादर ताणायचे, समोर दिवा लावून रात्रभर बसायचे. एकदा म्हणाले, दहा विद्यार्थी आणू का? जेवणाचं जमेल? मी घरात विचारलं तर घरची म्हणाली, "धा पोरांचा जेवाण म्हणजे काय कामगत? लग्नात दोनशेचा करतंव." झालं शिबिर सुरू. बोर्ड नाही, उद्घाटन नाही.

आता मे महिन्यात तीन गट येतात. एक पतंगांचा, एक बांबूकामाचा, एक चित्रं काढणाऱ्यांचा. प्रत्येक पाच दिवसांचा, वीस पोरांचा. एका शिबिरात एकच गोष्ट शिकायची. याबद्दल मी हट्टी आहे. बाकी ठिकाणची पत्रकं मी बघितलीत. सकाळी तिरंदाजी, दुपारी मातीकाम, संध्याकाळी घोडा, रात्री शेकोटी आणि नाच. पाच दिवसांत पंधरा कला. पोरगं घरी जातं ते पंधरा फोटो घेऊन. आमच्याकडचं पोर पाच दिवसांत एक इरलं विणतं, तेही धड होत नाही. पण बांबू उभा चिरताना तो एका बाजूला कधी पळतो आणि तेव्हा कोयती कुठे दाबायची, हे त्याच्या हाताला कळलेलं असतं.

बांबूकाम शिकवतो तो आमच्या वाडीतला म्हातारा. सत्तरी कधीच ओलांडलीय. माणगा बांबू तो थंडीतच तोडून ठेवतो, कारण मे महिन्यात तोडलेल्याला कीड लवकर लागते. पहिल्या वर्षी शिबिराच्या शहरातल्या मंडळींनी त्याची ओळख "हे आपले स्थानिक मदतनीस" अशी करून दिली. मी तिथंच उभा होतो. म्हटलं, शिकवतो कोण? ते म्हणाले, हे. म्हटलं, मग शिकवणाऱ्याला तुम्ही काय म्हणता? तेव्हापासून पोरं त्याला सर म्हणतात. त्याला ते अजून चमत्कारिक वाटतं. "माका सर म्हणतत," असं तो घरोघर सांगत फिरला होता. मानधनही त्याला इतर शिकवणाऱ्यांएवढंच मिळतं. त्यासाठी मला जरा वाकडं बोलावं लागलं, पण मिळतं.

इरलं आता कोण वापरतं? प्लॅस्टिकचा कागद आला आणि इरलं गेलं. पण लावणीला ओणवं होऊन दिवसभर काम करायचं तर पाठीवर असा उलटा होडका हवाच, हे ज्यांनी लावणी केलीय त्यांना माहीत. दोन्ही हात मोकळे राहतात, आतून वारा खेळतो. मुंबईची एक मुलगी दोन दिवस पट्ट्या सोलत होती, सगळ्या जाड-बारीक. रडायच्या बेताला आली. म्हातारा म्हणाला, "चेडवा, घाई करू नको. बांबू आयकता." चौथ्या दिवशी संध्याकाळी वळवाची सर आली. सगळी पोरं आपापली अर्धीमुर्धी इरली घेऊन खळ्यात पळाली. निम्मी गळत होती. हिचं खांद्यापाशी गळत होतं. ती तशीच आत आली आणि ती जागा उसवून परत विणायला बसली. जेवायला हाका मारल्या तरी उठेना.

या जंगलाचा ओलावा हाच इथला खरा मास्तर. मेच्या अखेरीला धुकं उतरायला लागलं की मीठ पाघळतं, आगपेटी ओढली तर गुल निघून येतो, धुतलेले कपडे तीन दिवस वाळत नाहीत. कॅमेऱ्याच्या काचेच्या आत बुरशी धरते. चित्रांच्या शिबिरात पहिल्या वर्षी कागद असे फुगले की जलरंग पसरून सगळी झाडं ढग झाली. आता चित्रं शिकवणाऱ्या बाई पोरांना पेन्सिलच देतात आणि कागद तांदळाच्या रिकाम्या पिंपात झाकून ठेवतात. काजूगर भाजून बरणीत भरावे तसं हे. पोरांच्या बॅगा मी पहिल्या दिवशी जमिनीवरून उचलून फळीवर ठेवायला लावतो. आया फोन करून विचारतात, खोलीत कपाट आहे का? मी सांगतो, फळी आहे.

पतंगांच्या शिबिराचं वेळापत्रक तर माणसाच्या हातातच नाही. अमावास्येच्या आसपासच्या रात्री लागतात, कारण चांदणं असलं की दिव्याकडे कमी येतात. आभाळ भरलेलं, वारा पडलेला, अंग चिकट झालेलं, आपल्याला नको वाटते ती रात्र त्यांना हवी. तिन्हीसांजेनंतर बारके येतात. मोठे बरेचसे मध्यरात्रीनंतर. दर तासाला पोरं वहीत लिहितात, वेळ, वारा, आभाळ, चादरीवर कोण कोण. अॅटलस मॉथ आला तर झोपलेल्यांनाही उठवतात. वीतभर पसरलेले पंख, आणि त्याला खायला तोंडच नसतं. अळी असताना जे खाल्लं त्याच्यावरच पंख फुटल्यावरचे थोडे दिवस काढायचे, जोडीदार शोधायचा, संपलं. हे ऐकल्यावर पोरं गप्प होतात. एका पोरानं विचारलं होतं, मग त्याला भूक लागते का? प्राध्यापकांनाही उत्तर देता आलं नाही. मला तो प्रश्न फार आवडला.

पहाटे तांबडं फुटायच्या आत दिवा बंद करून चादर हलक्या हातानं झाडायची, पतंग झुडपांत सोडायचे. हे नियमातलं मुख्य कलम. नाहीतर दयाळ आणि कोतवाल टपलेलेच असतात, आयतं ताट मिळतं त्यांना. रात्रभर जागून डोळे मिटत असतात, तरी हे केल्याशिवाय कुणाला झोपायला सोडत नाही.

पालकांना भीती सापांची. ती असावीच. इथं चापडा आहे, हिरवा, तपकिरी, पिवळसर, नाना रंगांचा, फांदीवर तासन्‌तास हलत नाही. रुग्णालयात जी सापावरची लस मिळते ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरशावर चालते, चापड्यावर नाही. म्हणून रात्री बॅटरी, बूट, आणि झाडाला हात लावायच्या आधी डोळा लावायचा. पण मला स्वतःला सापापेक्षा गोचिडीची काळजी जास्त. २०१६ साली आमच्या जिल्ह्यात बांद्याच्या भागात माकडताप आला. काजू वेचायला जाणारी माणसं तापानं पडली, काही गेली. तो गोचिडीतून येतो आणि त्याचे दिवस हेच, थंडीपासून मेपर्यंत, पाचोळा सुका असतो तोवर. त्यामुळे मेलेलं माकड दिसल्याची बातमी आसपास आली की रानातली फेरी बंद, मग पुण्याहून कुणी कितीही पैसे भरून आलेलं असो. एरवीही बाहेर पडायच्या आधी हातापायाला डीएमपी तेल, पायजमा मोज्यांत खोचलेला, पाचोळ्यात बसायचं नाही, आल्यावर अंग तपासून गरम पाण्यानं आंघोळ. पोरं हसतात. हसू देत.

वीसमधली पाच पोरं आमच्या वाड्यांवरची असतात, पैसे न भरता. ही अट मी दुसऱ्या वर्षीच घातली. शिबिरवाले म्हणाले, पैसे भरणारे पालक विचारतील. म्हटलं, सांगा त्यांना, ज्या पोरांच्या रानात तुमची मुलं शिकायला आलीत ती पोरं कुंपणाबाहेर उभी राहून बघत होती, ते आम्हाला बघवलं नाही. कुणी विचारलं नाही. उलट झालं असं की रात्री वाट चुकेल म्हणून शहरातली पोरं आमच्या पोरांचा हात सोडेनात, आणि वहीत नेटकं कसं लिहायचं ते आमची पोरं त्यांच्याकडून शिकली. पहिल्या दोन दिवशी जेवताना मात्र दोन पंगती पडतात, हे खरं. तिसऱ्या दिवशी घरची सगळ्यांना फणस सोलायला बसवते. हाताला चीक लागला की मग तेल मागायला एकमेकांकडे जावंच लागतं.

त्यातलाच एक पोरगा, दहावीत दोनदा नापास. गोव्यात हॉटेलात कामाला जायचं ठरलं होतं, बॅग भरलेली. शिबिरात शेवटच्या रात्री पाऊस झाला आणि खड्ड्यांपाशी बेडूक ओरडायला लागले. हा अंधारात उभा राहून सांगत होता, हा नारिंगी-तांबड्या पायांचा उडता, जो पाण्यावरच्या फांदीला फेसाचं घरटं बांधतो, हा बारका झुडपातला, हा कातळावरचा. प्राध्यापक बॅटरी मारून बघत होते आणि दरवेळी याचं बरोबर. हा कातळावरचा म्हणजे आंबोली टोड. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं २००९ साली. आमची पोरं त्याला लहानपणापासून दगडाखाली बघत आलेली. हिरण्यकेशीच्या कुंडातल्या माशाचंही तसंच. २०२० मध्ये त्याचा शोध लागला म्हणून छापून आलं आणि पुढच्या वर्षी ती जागा जैविक वारसा स्थळ झाली. तो पोरगा गोव्याला गेला नाही. पावसाळ्यात माणसांना बेडूक दाखवायला नेतो. चार महिने कमावतो, उरलेले महिने मिळेल ते काम करतो. फार मोठं काही झालेलं नाही. पण तो इथं आहे.

आता मुलाचा आणि माझा वाद. दोन वर्षांपासून एक व्यावसायिक येतोय. त्याला दोनशे पोरांचं शिबिर करायचंय. दोन झाडांमध्ये तार ताणून लोंबकळत जायचं, रात्री मोठे दिवे, आवाजाच्या भिंती, प्लॅस्टिकचे तंबू. भाडं म्हणून जो आकडा सांगतो तो माझ्या तिन्ही शिबिरांच्या कैक पट आहे. मुलगा म्हणतो, "आबा, वीस पोरांत काय सुटता?" तो खोटं बोलत नाही. भात-नाचणीत काही उरत नाही, गव्यांनी एका रात्रीत शेत तुडवलं की तेवढंही नाही. आणि इथं जमिनीचं काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. आंबोली, चौकुळ, गेळे ही कबुलायतदार गावकरांची गावं, पिढ्या गेल्या तरी जमीन नावावर लागायचं घोंगडं भिजत राहिलं. कर्ज काढून काही उभारावं म्हटलं तर बँक आधी सातबारा मागते. अशात रोख पैसे घेऊन दारात आलेल्या माणसाला बाप नको म्हणतो, तेव्हा मुलाला काय वाटत असेल हे मला कळतं.

मी त्याला एकच गोष्ट करायला सांगितलं. पावसाळ्यातल्या शनिवारी-रविवारी मोठ्या धबधब्यापाशी गर्दी झाली की तिथं जा आणि बघ. जिथं एवढी माणसं एकदम येतात तिथं रात्री बेडकाचा आवाज ऐकू येतो का सांग. तो म्हणाला, "धबधब्यापाशी तसाही आवाज येणा नाय, पाणीच इतक्या वाजता." यावर मला हसू आलं. पोरगं हुशार आहे.

तूर्तास आम्ही असं ठरवलंय की व्यावसायिकाला यंदाही नाही म्हणायचं, पण तिनाची चार शिबिरं करायची. चौथं काजव्यांचं, मेच्या शेवटच्या आठवड्यात, आणि ते मुलानं चालवायचं. पोरं वीसच, त्यात पाच वाडीतली. बॅटऱ्यांना लावायला लाल जिलेटिन कागद त्यानं सावंतवाडीहून आणलाय, आणि काल संध्याकाळी तो बेडूकवाल्या पोराला घेऊन ओहोळाकाठची झाडं बघून आला. पाच झाडं धरलीत म्हणाला. मी विचारलं, जांभळाच्या पलीकडचा पिसा धरलास का? नव्हता धरला. आज परत जाणार आहे.