50 रुपये कोणाकडे मागाल?

2006 साली कर्नाटकातल्या 75 गावांत विचारलेले प्रश्न: अचानक 50 रुपये लागले तर कोणाकडे मागाल? रॉकेल किंवा तांदूळ संपले तर कोणाच्या दारात जाल? देवळात कोणाबरोबर जाता? या उत्तरांवरून अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो, अरुण चंद्रशेखर आणि मॅथ्यू जॅक्सन या अर्थशास्त्रज्ञांनी गावागावातल्या नात्यांचं जाळं मांडलं. ‘शेजाऱ्यांवर विश्वास आहे का?’ असं विचारलं तर माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. रॉकेलसाठी मात्र एका घराचं नाव घ्यावं लागतं. मला हे प्रश्न फार आवडले.

*

बातमी गावभर पोचवायची तर आधी कोणाच्या कानावर घालावी? याच मंडळींनी ते गावकऱ्यांनाच विचारलं. हरियाणातल्या 521 गावांत लोकांनी सुचवलेल्या माणसांना लसीकरणाची बातमी सांगितली. सहजगत्या निवडलेल्या माणसांना सांगितलं तेव्हापेक्षा दरमहा 22 टक्के जास्त मुलांना लस मिळाली.

*

हातउसने. चिठ्ठी नाही, व्याज नाही, साक्षीदारही नाही. पण साक्षीदार असतो. पेरूत लिमाजवळच्या वस्त्यांचा अभ्यास करून डीन कार्लन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये मांडलं की दोघांच्या सामायिक ओळखी हेच अशा कर्जाचं तारण. मी तुझे पैसे बुडवले तर तुझ्याबरोबर आपल्या दोघांच्या मित्रालाही मुकेन. विश्वास दोघांतला वाटतो, पण त्याला तिसऱ्याचा टेकू असतो.

*

कर्नाटकातल्या त्या 75 पैकी 43 गावांत पुढे बायकांना छोटी कर्जं देणारी संस्था आली. काही वर्षांनी तेच प्रश्न घेऊन अभ्यासक परत गेले. कर्ज पोचलेल्या गावांतली नाती इतर गावांपेक्षा अधिक विरली होती.

हातात कर्ज आलेली बाई शेजारणीकडे 50 रुपये मागत नाही, हे समजतं. उसनवारीत मिंधेपणाही असतो. त्यातून ती सुटली असेल तर मला बरंच वाटतं. पण जी घरं कर्ज घेण्याची शक्यता कमी होती, त्यांच्या आपसातल्या गाठीही निदान तितक्याच सुटल्या. हैदराबादच्या वस्त्यांतही हेच दिसलं. अभ्यासकांचा तर्क असा: चार माणसं जमतात म्हणून पाचवं येतं. काहींना येण्याची गरज उरली नाही की इतरांच्या गाठीभेटीही घडेनाशा होतात.

अभ्यासातला हा भाग मी तीनदा वाचला. त्यातल्या बहुतेक घरांनी ना कर्ज घेतलं, ना कोणाशी भांडण केलं. तरी दुसऱ्या खेपेला विचारणारा दारात आला, तेव्हा त्यांच्याकडे सांगायला एखादं नाव कमी होतं.