थरथरीच्या आधी

आधी वास जातो. आढीच्या खोलीत शिरल्या शिरल्या कोणता आंबा आज पेटीत आणि कोणता परवा, हे नाकाने सांगणारे आमचे काका एका वैशाखात म्हणाले, "यंदा हापूसला वासच नाही." घरातल्या बाकी सगळ्यांना तो येत होता. कंपवाताच्या कितीतरी वर्षं आधी नाक असं निकामी होऊ शकतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

झोपेतली स्वस्थता. स्वप्नात माणूस धावला तरी अंग पडून राहतं. तो बांध सुटतो. काका झोपेत लाथा झाडत, ओरडत. काकूंनी अंथरूण वेगळं घातलं.

पोट साफ न होणं वयाच्या खात्यावर गेलं.

उजव्या हाताचा झोका. मांडवीच्या जेटीवर फिरताना डावा हात हलायचा, उजवा अंगाला चिकटलेला.

अक्षर. पेटीवर नाव घालणारं ठसठशीत वळण ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं होऊ लागलं. बँकेत सही जुळेना.

आवाज. गणपतीत आरती उचलून धरणारा. आता आम्ही "काय म्हणालात?" विचारायचो आणि ते चिडायचे, कारण त्यांच्या कानाला तो पूर्वीइतकाच मोठा होता.

हसू. मनात येतं, चेहऱ्यावर उमटत नाही. पापण्याही कमी लवतात. पाहुणे म्हणतात, काका रागावलेत. मला या यादीत सगळ्यात अन्यायाचं हेच वाटतं: माणूस जिव्हाळ्याने समोर बसलेला असतो आणि त्याला तुसडा ठरवलं जातं.

काकांची थरथर यानंतरची. तीही हात मांडीवर स्वस्थ असताना. काही जणांना ती कधीच येत नाही. ती दिसेपर्यंत मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या काळसर पेशींपैकी निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. का जातात? वाढतं वय, काही घराण्यांत जनुकं. पॅराक्वाटसारख्या तणनाशकाशीही संबंध आढळला आहे, आणि हे बागायतदारांनी कानाआड करू नये. पण एका माणसाचं नेमकं कारण बहुधा सांगता येत नाही. जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये सहा जणांवरून हा आजार लिहून ठेवला. त्यांतले काही त्याने नुसते रस्त्यात पाहिलेले होते. पाहणं एवढं कामाचं असतं.

आता औषध. कोकणात कुंपणावर चढणारी खाजकुयली. तिच्या बियांत लेव्होडोपा असतो; १९३७ मध्ये मद्रासला तो वेगळा काढला गेला. आजही मुख्य औषध तेच, गोळीच्या रूपात. बिया कुटून घरी देऊ नयेत, मात्रा कळत नाही. गोळी स्वतःहून एकदम बंद करू नये. आणि माशांतली प्रथिनं तिची वाट अडवतात, म्हणून काकू आधी गोळी देतात, ताट तासाभराने वाढतात.