दाराशी बसलेला माणूस

आमच्या भजनी मंडळात माझा चुलतभाऊ पखवाज वाजवायचा. हात असा की बोल ऐकून माणसे घरातून उठून देवळात यायची. पुढे दारूच्या नादी लागला आणि एके दिवशी मंडळाचाच पखवाज गहाण टाकून बसला. आम्ही वर्गणी काढून तो सोडवला. भाऊ उपचार घेऊन सुधारून आला. पण भजनाला यायचा तो दाराशीच बसायचा. कोणी ‘पुढे ये’ म्हणेना. मीही म्हटले नाही.

परवा पुतण्याने मोबाइलवर एक ध्वनिमुद्रण ऐकवले. अमेरिकेत ‘कंट्री’ नावाचे गाणे आहे, खेड्यापाड्यांतल्या कष्टाच्या जिण्यातून वाढलेले. स्टीव्ह अर्ल हा त्यातला स्वतः गाणी रचून गाणारा. १९८६ साली ‘गिटार टाउन’ने त्याचे नाव झाले. मग अमली पदार्थांनी त्याला गिळले आणि १९९४ साली तो तुरुंगात गेला.

सुटून आल्यावर १३ सप्टेंबर १९९५ रोजी तो नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेत गायला बसला. जागा एवढीशी, की शंभर माणसेही मावायची नाहीत. दातांच्या एका धर्मादाय दवाखान्यासाठी कार्यक्रम होता. विजेची वाद्ये नाहीत, ढोल नाहीत. तिघे जण, हातात गिटारी, आळीपाळीने एकेक गाणे. शेजारी गाय क्लार्क आणि टाउन्स व्हॅन झँड्ट. पोरवयात ज्यांच्याजवळ बसून तो शिकला, तेच हे दोघे. त्यांनी त्याला आपल्या ओळीत बसवून घेतले होते.

ते मुद्रण २००१ साली बाहेर आले, तेव्हा टाउन्स हयात नव्हता. शिष्य सावरला, पण गुरूची दारू काही सुटली नाही. १ जानेवारी १९९७ रोजी बावन्नाव्या वर्षी तो गेला. स्टीव्हने २००९ साली टाउन्सची आणि २०१९ साली गायची गाणी गाऊन दोघांचे ऋण मानले.

हे ऐकून मला रात्री झोप लागली नाही. एकादशीला भजन सुरू होण्याआधी मी दाराशी गेलो, भावाचा हात धरला आणि पखवाजापाशी आणून बसवला. पहिल्या अभंगाला त्याचा ठेका दोनदा चुकला. टाळकरी थांबले नाहीत. तिसऱ्या अभंगाला हात बसला.

तुमच्याही गावात कोणी दाराशी बसले असेल. जरा मागे वळून बघा.