डाव्या खांद्याची रायफल

डावखुऱ्या नेमबाजाने कोणती रायफल घ्यावी, हा प्रश्न सातारा-सांगली भागात मला सारखा विचारला जातो. साताऱ्याला बंदूक नवी नाही. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव याच जिल्ह्यात आहे आणि देशातली पहिली सैनिक स्कूल १९६१ साली इथेच सुरू झाली. पण १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून वाळव्याच्या ऊसवाल्यापासून तासगावच्या द्राक्षबागायतदारापर्यंत अनेकांना आपल्या मुलांना नेमबाजीला घालावंसं वाटतं. मी मराठा लाइट इन्फंट्रीत सगळी नोकरी डाव्या खांद्याला बट लावून केली आणि आता मुलांना शिकवतो. या प्रश्नाचं उत्तर देताना रायफलीचं नाव मी सगळ्यात शेवटी घेतो.

पहिली चौकशी डोळ्याची. मुलाला दोन्ही हात समोर ताणून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करायला लावतो आणि तिच्यातून अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर बघायला सांगतो. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला टॉवर खिडकीत तसाच दिसत राहतो, तो त्याचा नेमाचा डोळा. पुष्कळदा जेवणाचा हात उजवा आणि नेमाचा डोळा डावा निघतो, उलटंही होतं. अशा वेळी खांदा डोळ्याच्या बाजूचा धरावा, असं माझं ठाम मत आहे. हात शिकतो. हंगेरीच्या कारोली टाकाचचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्बने निकामी झाला. त्याने डाव्या हाताने पिस्तूल धरलं आणि १९४८ व १९५२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. डोळ्याला असं वळण लावणं फार अवघड.

दुसरी चौकशी गालाची. नेम म्हणजे डोळा, मागची साइट, पुढची साइट आणि निशाण एका रेषेत येणं, आणि ही रेषा बटवर टेकलेल्या गालाने धरलेली असते. गाल उचलला की सगळी मांडणी पहिल्यापासून करावी लागते. एनसीसीत पॉइंट टू-टू चालवलेल्या डावखुऱ्यांना हे ठाऊक आहे. बोल्ट उजवीकडे, आपला घोड्याचा हात डावा. बोल्ट ओढायला पुढचा हात काढला तर नळी खाली जाते. डावा हात वरून पलीकडे नेला तर गाल सुटतो. थ्री-नॉट-थ्रीचंही तेच.

म्हणून लष्करात एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल, हातात आली तेव्हा डावखुऱ्यांची मोठी सोय झाली. गोळी नळीतून जाताना मागचा थोडा गॅस वरच्या पिस्टनवर येतो, पिस्टन बोल्टला मागे रेटतो, पुंगळी बाहेर पडते आणि स्प्रिंग बोल्टला पुढे ढकलताना मॅगझीनमधली पुढची गोळी आत नेते. घोडा एकदा दाबला की एकच फायर, पण पुन्हा भरण्याचं काम रायफल स्वतः करते. मॅगझीनमधल्या वीसच्या वीस गोळ्या गाल न हलवता सोडता येतात.

तरीही ती उजव्या माणसासाठीच बनवलेली. कॉकिंग हँडल डावीकडे, म्हणजे उजव्याचा घोड्याचा हात जागेवर राहतो आणि मोकळा हात हँडल ओढतो. आपलं नेमकं उलटं. चेंज लिव्हर, म्हणजे सेफ्टीचा खटका, तोही डावीकडे, उजव्याच्या अंगठ्याखाली. आपल्याला तो तर्जनीने फिरवावा लागतो, आणि तेच बोट पुढे घोड्यावर जायचं असतं. म्हणून लिव्हर पूर्ण फिरल्याशिवाय बोट घोड्याकडे न्यायचं नाही, ही सवय मी स्वतःला घट्ट लावून घेतली. पुंगळी उजवीकडे उडते आणि डावखुऱ्याचा चेहराही रायफलीच्या उजव्या अंगालाच असतो. धूर आणि गरम हवा गालाला जाणवते. चष्मा, बंद कॉलर आणि पूर्ण बाही यांच्याशिवाय फायरला झोपू नये. एके-४७चं मात्र वेगळं. तिचं हँडल उजवीकडे, त्यामुळे डावखुऱ्याचा घोड्याचा हात मुठीवरच राहतो.

इथे पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ५.५६ आणि ७.६२ची लष्करी अर्धस्वयंचलित रायफल आपल्या कायद्यात नागरिकाला परवान्यावर मिळत नाही, आणि ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत गोळी एका वेळी एकच भरायची असते. मुलाची सुरुवात साडेचार मिलिमीटरच्या हवाई रायफलीने, दहा मीटरवर. तिथे दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

तासगावकडचे एक बागायतदार मुलीला घेऊन आले. म्हणाले, "मेजर, पोरगी डावखुरी हाय. उजवीची रायफल स्वस्तात मिळतीया, घिऊ का?" मी त्यांच्यासमोर मुलीला उजव्यांची रायफल डाव्या खांद्याला लावायला दिली. गाल टेकायची पट्टी भलत्याच अंगाला, मुठीचा फुगवटा तळव्यात न बसता बोटांच्या गाठींना टोचणारा. साइटमधून बघायला तिने मान वाकडी केली. मग दोन्हीकडे चालणाऱ्या बटची रायफल दिली, पट्टी तिच्या बाजूला सरकवली. मान सरळ झाली. त्यांनी आपणहूनच पहिली रायफल बाजूला ठेवली.

बटची लांबी पाहायला कोपर काटकोनात वाकवून बट तिथे टेकवावा. तर्जनीचं पेर सहज घोड्यावर यायला हवं. भरण्याचा दांडा काही मॉडेलांत बाजू बदलून लावता येतो, तो घेण्याआधीच विचारावा. जॅकेटही डावंच घ्यावं, कारण खांद्याची जाड गादी डावीकडे हवी, आणि हातमोजा उजव्या हाताचा.

रेंजवर जागेचाही विचार लागतो. उभ्याने फायर करताना उजवे सगळे उजवीकडे तोंड करून असतात, डावखुरा डावीकडे. शेजाऱ्याशी समोरासमोर येतो आणि दोघांचंही लक्ष ढळतं. त्याला सगळ्यात डावीकडची लेन द्यावी. झोपून फायर करताना त्याचे पाय उजवीकडे जातात, तेव्हा मात्र उजव्या टोकाची.

शाळा आणि क्लब चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. चार रायफली घेणार असाल तर त्यांतली एक दोन्हीकडे चालणारी घ्या. ती नसते म्हणून कित्येक डावखुरी मुलं उजव्या खांद्याला जुंपली जातात, वर्षभर मान वाकडी करतात आणि आपल्याला हे जमत नाही असं समजून सोडून देतात. त्यांच्यात काहीही कमी नसतं. रायफल त्यांच्या मापाची असली की तीच मुलं टिकतात, आणि ती टिकावीत ही जबाबदारी आम्हा शिकवणाऱ्यांची आहे.