वटपौर्णिमा आणि वडाची लावणी

इंग्रजी वाङ्मयात ओक वृक्षाची जी प्रतिष्ठा, तीच आपल्याकडे वडाची. जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडील बेल्हे गावी तर त्याची योग्यता विशेष. नाणेघाटावर कोसळणारा पाऊस येथवर येता येता पुष्कळच विरळ होतो. सोमवारच्या बाजारास आलेल्या माणसांस व बैलांस सावलीचे मोल सांगावे लागत नाही. असे असता ज्येष्ठी पौर्णिमेस आपण पूजेकरिता वडाच्या डहाळ्या मोडून आणवितो, आणि दुसऱ्या दिवशी त्या केरात जातात. पतीच्या दीर्घायुष्याचे व्रत वृक्षाच्या आयुष्यावर बेतावे, हे आम्हांस सावित्रीच्या कथेशी विसंगत वाटते.

वास्तविक या व्रताची तिथी वड लावण्याचीच आहे, कारण त्याच सुमारास मृगाचा पाऊस सुरू होतो. प्रथम झाड नीट ओळखावे. कोवळ्या वडास पारंब्या नसतात, आणि नांद्रुकीलाही त्या लोंबतात. म्हणून पान व फळ पाहावे. वडाचे पान रुंद, जाड व ठळक शिरांचे असते. पिंपळपानाचे लांब टोक त्यास नसते. नांद्रुकीचे पान लहान व तुळतुळीत. वडाची फळे पानांच्या बेचक्यात देठावाचून जोडीने बसतात व पिकून लाल होतात. उंबरासारखे खोडावर घोस येत नाहीत.

लावणीस मनगटाहून जाड, पुरुषभर उंचीची एकच फांदी मालकास विचारून घ्यावी. पाने काढावीत, चीक सुकू द्यावा आणि दोन-अडीच फूट खोल खड्ड्यात ती घट्ट पुरावी. शेळ्यांपासून रक्षणार्थ काटेरी कुंपण करावे व पहिले दोन उन्हाळे पाणी घालावे. मात्र घराची भिंत व विहीर यांपासून झाड दूर असावे. त्याची मुळे बांधकाम फोडतात.

सावली मिळण्यास वर्षे लागतील, हे खरे. परंतु कलकत्त्यानजीक शिबपूरच्या वनस्पतिउद्यानातील प्रसिद्ध वडाचे मूळ खोड बुरशीने कुजल्यामुळे १९२५ साली काढावे लागले, तरी पारंब्यांच्या बळावर तो वृक्ष आजही विस्तारत आहे. अखंड सौभाग्याची याहून बोलकी खूण कोणती? येत्या ज्येष्ठात घरातील सुनांनी व लेकींनी सूत गुंडाळण्यापूर्वी एक खड्डा खणवून घ्यावा, एवढीच आमची विनंती आहे.